गुलमर्गचा उन्हाळा : बर्फाचा धंदा आणि शालीचा हिशेब

मुलांच्या परीक्षा संपल्या, मे महिना जवळ आला की आपल्या ठाणे-कल्याणच्या व्यापारी घरांतून एकच प्रश्न निघतो, यंदा कुठे जायचे? पूर्वी याचे उत्तर ठरलेले असे. गाव असेल तर गाव, नसेल तर माथेरान. कल्याणहून कर्जत लोकल पकडावी, नेरळला उतरावे आणि छोट्या गाडीने वर जावे. ही छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली ती एका बोहरा व्यापारी घराण्याच्या पैशावर, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. सर आदमजी पीरभॉय यांनी लष्कराला तंबू आणि बूट पुरवून नाव कमावले होते. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसैन यांनी नेरळपासून एकवीस किलोमीटरचा लोहमार्ग डोंगरावर चढवला. थंड हवा हाही विकण्याजोगा माल आहे, हे त्या बापलेकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. असो.

आज मुले माथेरानवर राजी होत नाहीत. त्यांना बर्फ पाहिजे. डोंबिवली-कल्याणच्या स्टेशनबाहेर सहल कंपन्यांचे जे फलक लागतात त्यांवरही बर्फच असतो आणि त्यात गुलमर्गचे चित्र हटकून असते. आम्हीही २०२४ साली घरच्यांच्या हट्टापुढे मान तुकवली. २० मे रोजी लोकसभेचे मतदान केले आणि त्याच आठवड्यात निघालो. तिथे पोचलो तर आमच्या टॅक्सीवाल्याच्या बोटावरही शाईची तीच ताजी खूण. बारामुल्ला मतदारसंघातही २० मे रोजीच मतदान झाले होते. त्या शाईवरून बोलणे निघाले आणि प्रवासभर आमची दोस्ती टिकली.

या लेखात सहलीचे वर्णन करावे असा आमचा हेतू नाही. ते काम इतर लोक आमच्यापेक्षा चांगले करतात. आम्ही कापडाचे व्यापारी. जिथे जातो तिथे कोण काय विकतो, कोणाचे किती सुटते, माल खरा की खोटा, हेच आमच्या डोळ्यांना आधी दिसते. तेवढेच लिहितो.

गुलमर्ग हे मुळात हिवाळ्याचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ८,७०० फूट उंचीवर एक मोठे कुरण आणि त्याच्या पाठीशी अफरवटचा डोंगर. बर्फावरून लाकडी पट्ट्यांवर घसरण्याचा जो खेळ आहे, ज्याला स्कीइंग म्हणतात, त्याचा इंग्रजांनी इथे १९२७ साली क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर लष्कराने बर्फातील लढाईची शाळा इथे उभारली. २०२० पासून 'खेलो इंडिया'चे हिवाळी खेळ इथे होतात. या गावाचा खरा हंगाम म्हणजे डिसेंबर ते मार्च. आपण लोक जातो मे महिन्यात, कारण शाळांना सुटी तेव्हा. त्या वेळी खालच्या कुरणात हिरवे गवत आणि फुले असतात, बर्फाचा कणही नसतो. जो काही बर्फ उरलेला असतो तो अफरवटच्या माथ्यावर. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर हिवाळ्याचा शिल्लक माल उन्हाळ्यात वरच्या फळीवरून विकला जातो, आणि वरच्या फळीपर्यंत पोचण्याचे भाडे वेगळे.

हे आधी समजून घेतले नाही तर माणूस फसतो. टंगमर्ग म्हणून खालचे गाव आहे, गुलमर्गच्या साधारण तेरा किलोमीटर अलीकडे. तिथे गाडी थांबते आणि भाड्याचे कोट, रबरी बूट घेण्याचा आग्रह सुरू होतो. कोट घ्यावा का? माथ्यावर जाणार असाल तर घ्यावा, बूट तर जरूर घ्यावेत. वितळत्या बर्फात आपल्या चपलांची आणि कापडी बुटांची धडगत नसते. पण फक्त खालच्या कुरणात फिरणार असाल तर घरचा स्वेटर पुरे. गाडी कोणत्या दुकानापुढे थांबते ते बहुधा दलालीवर ठरते. यात नवल करण्यासारखे काही नाही, आपल्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या गिऱ्हाइकाबरोबरचा मध्यस्थ दुसरे काय करतो? दोन दुकाने पुढे चालत गेले की दर उतरतो, एवढे लक्षात ठेवावे.

गुलमर्गात घोडेवाले, चारचाकी फटफटीवाले आणि पुढे बर्फावर घसरगाडी ओढणारे लोक भेटतात. दरपत्रकाचे फलक लावलेले असतात, ते वाचून मगच बोलणे करावे. घोडेवाला "सात पॉइंट" सांगतो, त्यातले चार तर पायी दिसतात. आम्ही भाव केला, तो करावाच. मात्र एक गोष्ट आम्हाला बोचली. घसरगाडीवाला आमच्या धाकट्याला बसवून चढावर ओढीत होता, वय आमच्याएवढेच, पन्नाशीच्या पुढचे, आणि मुलाची अम्मी म्हणाली, "यांच्याशी शंभर रुपयांसाठी काय घासाघीस करता?" आम्ही गप्प बसलो. ओढण्याचे ते काम वर्षातून काही महिनेच चालते.

आता पाळण्याविषयी, कारण उन्हाळ्यातील गुलमर्गचा सारा कारभार त्यावर टांगलेला आहे. गोंडोला म्हणतात ती ही तारेवरची गाडी. सहा माणसांची बंद पेटी, यंत्रे फ्रान्सच्या पोमा कंपनीची. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, गुलमर्गपासून कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे दहा हजार फुटांपर्यंत. दुसरा २००५ साली, कोंगडोरीपासून अफरवटपर्यंत, सुमारे तेरा हजार फूट. चालवते सरकारी महामंडळ, तिकीट टप्प्यागणिक वेगळे. दोन्ही टप्पे मिळून माणशी दीड ते दोन हजार रुपये धरावेत, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला एका दिवसाच्या बर्फाची किंमत किती पडते ते आपणच गणित करा. तिकिटे महामंडळाच्या संकेतस्थळावर आगाऊ काढावी लागतात आणि हंगामात दुसऱ्या टप्प्याची लवकर संपतात. जागेवर "मी मिळवून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला पैसे देऊ नयेत.

दोन गोष्टी सहल कंपन्या फारशा सांगत नाहीत. पहिली ही की तेरा हजार फुटांवर हवा विरळ असते. पंचवीस मिनिटांत आपण चार हजार फूट वर जातो, शरीराला सवय होण्यास वेळच मिळत नाही. आमच्या वडील बहिणीला रक्तदाबाचा त्रास आहे. आम्ही तिला कोंगडोरीलाच चहाच्या टपरीत बसवले, वर नेले नाही. ती रुसली. पण वर आमचेच डोके जड झाले, दहा पावले चालून धाप लागली, तेव्हा बरे केले असे वाटले. हृदयाचे, दम्याचे, रक्तदाबाचे रुग्ण असतील तर डॉक्टरांना विचारूनच दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढावे. दुसरी गोष्ट, वारा वाढला की पाळणा बंद होतो, आणि तो बंद ठेवणेच योग्य. २५ जून २०१७ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, वाऱ्याने झाड उन्मळून तारेवर पडले आणि सात माणसे गेली. त्यात दिल्लीच्या एकाच कुटुंबातील चौघे होते, बाकीचे तिघे स्थानिक. म्हणून गुलमर्गसाठी एकच दिवस ठेवू नये, एक जादा दिवस हाताशी असावा.

बर्फाचाही आता भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ चे बहुतेक दिवस गुलमर्ग कोरडे होते, ऐन हंगामात डोंगर तपकिरी दिसत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून हिवाळी खेळ पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. हिवाळ्यात माल कमी आला तर उन्हाळ्याला शिल्लक कोठून राहणार? म्हणून आमचे मत असे की बर्फासाठीच जायचे तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. जूनअखेर माथ्यावर कुठे कुठे मळकट ढीग तेवढे उरतात आणि मुले निराश होतात.

आता आमच्या धंद्याकडे येतो.

गुलमर्गहून परतताना टॅक्सी एका शालीच्या दुकानापुढे थांबली. दुकानदाराने कहवा पाजला, शाल पसरली, बोटातली अंगठी काढून शाल त्यातून ओढून दाखवली आणि म्हणाला, "भाईजान, असली पश्मीना है." साडेसहा हजारांपासून बोलणे सुरू झाले, अडतीसशेवर तुटले. आमच्या मुलीने शाल खांद्यावर घेतली होती, तिला ती शोभतही होती. दुकानदाराने पावती फाडली. पावती उर्दूत. मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली, तिच्या दृष्टीने ती नुसती वेलबुट्टी. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. आम्ही वाचले, "शाल रफल, सोज़नी, एक नग."

रफल म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचे कापड. पश्मिना नव्हे. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "जनाब, लिहिलेय रफल आणि सांगता पश्मिना?" क्षणभर ते आमच्याकडे पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "आप पढ़ लेते हैं? बिल पर हम झूठ नहीं लिखते." म्हणजे खोटे फक्त तोंडाने. आणखी एक कहवा आला आणि तीच शाल अठराशेला मिळाली. आम्ही ती घेतली. रफल ही वाईट वस्तू मुळीच नाही, टिकाऊ असते, भरतकाम हाताचे होते. वाईट होते ते तिला लावलेले नाव.

या नावाचा घोटाळा आपल्या दुकानदारांनीही समजून घेतला पाहिजे, कारण हिवाळ्यात तीच शाल कल्याण-ठाण्यात त्याच नावाने विकली जाते. खरी पश्मिना लडाखच्या चांगथांग भागातील बकरीच्या अंगावरील आतल्या मऊ केसांची. वसंतात हे केस गळू लागतात तेव्हा फणीने विंचरून काढतात. एका बकरीपासून एका वर्षात कच्चा माल निघतो तो दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या आत, आणि त्यातूनही जाड केस निवडून टाकावे लागतात. केसाची जाडी बारा ते सोळा मायक्रॉन. हे सूत इतके नाजूक की यंत्रमागाचा झटका त्याला सोसत नाही. म्हणून श्रीनगरच्या घराघरांत बायका ते चरख्यावर हाताने काततात, पुरुष हातमागावर विणतात, मग धोबी, रफूगर, सोजनीचे कारागीर असे ते हातोहात फिरते. भिवंडीत एक कामगार एका वेळी अनेक माग सांभाळतो आणि मजुरी मीटरवर मिळते. तिथे साध्या शालीचे एक कापड उतरायला कित्येक दिवस लागतात, आणि कानी विणीची शाल असेल तर महिने, कधी वर्षही.

यंत्रावर पश्मिना विणणारेही आहेत. ते सुताला नायलॉनचा धागा जोडून त्याला बळ देतात आणि कापड तयार झाल्यावर तेजाबाने नायलॉन विरघळवतात. या प्रकारात मूळ केसाचाही जोर जातो. लुधियाना-अमृतसरचा जो स्वस्त माल येतो त्यात तर लोकर, व्हिस्कोस, अॅक्रिलिक असे काहीही असू शकते. मग ओळखावे कसे? अंगठीतून तर व्हिस्कोसची पातळ ओढणीही जाते, ती परीक्षा सोडून द्यावी. धागा जाळून पाहिल्यास अॅक्रिलिक वितळून गाठ होते, व्हिस्कोस कागदासारखा जळतो, लोकर केसासारखी वास देते. पण पश्मिना आणि मेंढीची लोकर यांतला फरक त्याने कळत नाही, दोन्ही केसच. उजेडात धरून वीण पाहावी. हातची वीण किंचित असमान असते, यंत्राची पट्टीने आखल्यासारखी. आमच्या डोळ्यांना तीस वर्षांची सवय आहे, तरी आम्ही पैजेवर सांगणार नाही.

खात्रीचा मार्ग एकच. 'काश्मीर पश्मिना'ला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये तपासणी केंद्र आहे. तिथे केसाची जाडी, हातची कताई आणि हातची विणाई तपासून शालीला लेबल लावतात. लेबल असलेला माल घ्यावा आणि त्याचा भाव पाच आकड्यांच्या जवळपास असला तर चकित होऊ नये. दीड-दोन हजारांत मिळते ती पश्मिना नसते. आणि कोणी हळूच कानात "शाहतूश" म्हटले तर दुकानातून उठावे. ती चिरू नावाच्या हरणाला मारून होते, तिचा व्यापार हा गुन्हा आहे, आणि पकडले गेल्यास विकणाऱ्याबरोबर घेणाराही अडकतो.

श्रीनगरला आम्ही एका व्यापारी मित्राच्या घरी उतरलो होतो. हे गृहस्थ सतरा-अठरा वर्षे नोव्हेंबरात गठ्ठे घेऊन कल्याणला येतात आणि आमच्याकडे जांगडीवर माल ठेवतात. विकले गेले त्याचे पैसे, उरले ते परत. त्यांच्या घरी त्यांची अम्मीजान खिडकीशी बसून कातीत होती. मजुरी सुताच्या गाठींवर मोजतात. आमच्या घरच्यांनी विचारले, दिवसाचे किती पडतात? म्हातारीने हसून टाळले. मुलाने सांगितलेला आकडा आम्ही छापत नाही, आमच्या दुकानातला झाडूवालाही त्यावर काम करणार नाही.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात त्यांनी आमच्याकडे सेहेचाळीस नग ठेवले होते. २ मार्चला रमजान लागला म्हणून ते हिशेब न करताच लवकर निघाले. सत्तावीस खपले होते, एकोणीस शिल्लक. फोनवर हिशेब करू, असे ठरले.

मग २२ एप्रिल २०२५ आले. पहलगामच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी सव्वीस माणसे मारली. धर्म विचारून मारली. त्यांत सहलीला गेलेले तीन डोंबिवलीकर होते, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत गेले. पर्यटकांना वाचवायला धावलेला तिथला एक मुसलमान घोडेवालाही मारला गेला. डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर तिघांच्या अंत्यदर्शनाला शहर लोटले. डोंबिवली आमच्यापासून दोन स्टेशनांवर. त्या घरांसारखीच आमची सहल होती, तशीच तिकिटे, तसेच भाड्याचे कोट. पहलगाम अनंतनाग जिल्ह्यात आणि गुलमर्ग बारामुल्ल्यात, मधे बराच पल्ला, पण ही भूगोलाची गोष्ट अशा दिवशी कोणाला सांगणार? आम्ही दुकान बंद ठेवले.

त्यानंतर आम्ही जे केले ते लिहायला संकोच वाटतो. दुकान उघडल्यावर काश्मिरी शालींची फळी आम्ही मागच्या खोलीत नेली. कोणी काही बोलले नव्हते. आम्हीच घाबरलो. मित्राला फोनही केला नाही, जवळजवळ दोन आठवडे. तिकडे सरकारने सत्याऐंशीपैकी अठ्ठेचाळीस पर्यटनस्थळे बंद केली, बुकिंगे धडाधड रद्द झाली, घोडेवाले आणि कोटवाले घरी बसले. देशात काही ठिकाणी फिरत्या काश्मिरी शालवाल्यांना मारहाण होऊन त्यांनी गावे सोडल्याच्या बातम्या आल्या.

शेवटी फोन त्यांचाच आला. सलाम झाला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डोंबिवली आपसे कितनी दूर है?" आम्ही म्हटले, दोन स्टेशन. पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. सत्तावीस नगांची रक्कम आमच्याकडे एप्रिलपासून पडून होती. ती त्यांची अमानत, आमची शिल्लक नव्हे, आणि आम्ही ती दाबून बसलो होतो. त्याच दिवशी पाठवली. उरलेल्या एकोणीसपैकी दहा आम्ही रोखीने ठेवून घेतल्या. जांगडीत असे करण्याचे बंधन नाही, पण त्या उन्हाळ्यात परत गेलेला माल तिथे कोण घेणार होते? नऊ मात्र महाग होत्या, तेवढी आमची ताकद नव्हती. त्या जांगडीवरच राहू दिल्या आणि फळी पुन्हा पुढच्या खोलीत आणली.

६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. आता वांद्र्याहून कटऱ्यापर्यंत स्वराज एक्सप्रेस आणि तिथून वंदे भारतने तीन तासांत श्रीनगर. आम्ही गेलो तेव्हा जम्मूपासूनचा रस्ता टॅक्सीने अख्खा दिवस खात होता. जाणाऱ्याने हा मार्ग धरावा, मात्र निघण्याआधी कोणते ठिकाण उघडे आहे ते तिथल्या पर्यटन खात्याकडून पाहून घ्यावे, एजंटाच्या शब्दावर राहू नये. गुलमर्गच्या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर बाबा रेशींची जियारत आहे, वेळ असेल तर तेही पाहण्यासारखे ठिकाण.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मित्र आले. एकटेच आले, पूर्वी दोन पुतणे बरोबर असत, या खेपेस त्यांच्या आईने सोडले नाही. माल निम्माच आणला होता, पण त्यात चार पश्मिना तपासणी केंद्राच्या लेबलाच्या. आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले की यापुढे आमच्या दुकानात रफलला रफल म्हणायचे, आणि पावतीवर मराठीत लिहायचे. रफल म्हटल्यावर भाव पडेल, असे ते म्हणाले. पडला, नगामागे चारेकशे रुपयांनी. नग मात्र जास्त गेले. लेबलाच्या चारपैकी दोन गेल्या, त्यातली एक डोंबिवलीच्या एका बाईंनी घेतली, लेबल दोनदा वाचून. जांगडीच्या त्या नऊपैकी सात खपल्या. एक बदामी आणि एक फिक्की हिरवी अजून फळीवर आहे.